एस्टीम, इथेनॉल आणि तुझा सल्ला

बाळ्या,

तुझा दिवाळीचा मेसेज तसाच पडलाय, शिव्या घालून घे एकदाच्या. तब्येती ठीक, आईची शुगर आहे तशीच. लिहायला बसलो कारण आपल्या जुन्या मारुती एस्टीमला इथेनॉल सेन्सर लावलाय आणि हे घरात सांगून उपयोग नाही. बायको म्हणते पेट्रोल ते पेट्रोल, त्यात मोजायचं काय.

तीन वायरींचा डबा आहे रे, पेट्रोलमध्ये इथेनॉल किती ते हर्ट्झमध्ये सांगतो. ५० हर्ट्झ म्हणजे शून्य टक्के इथेनॉल, १५० म्हणजे शंभर. टेबलावर नळीतनं पेट्रोल सोडलं, मीटर लावला, ७०! म्हणजे वीस टक्के, पंपावर लिहिलंय तेच. गाडीत बसवला तर आयडलला २० टक्के, रेस केली की ३४, ३८, पाय काढला की परत २०. आता टाकीतलं इथेनॉल काय रेस बघून वाढतं का? मामा म्हणाले भेसळ, पाणी घातलंय. त्यांना तुझ्या लग्नातल्या बासुंदीतपण पाणीच दिसलेलं. म्हटलं बघूया, मेजरिंग सिलिंडरमध्ये १०० मिली पेट्रोल, वर १० मिली पाणी, बूच लावून हलवलं आणि ठेवलं. इथेनॉल पाण्यात उतरतं ना, खालचा थर फुगत फुगत तिसाच्या जवळ आला, म्हणजे वीस मिली इथेनॉलच. पंपवाला सुटला. वायरिंग करणाऱ्याने सेन्सरच्या सिग्नलची वायर इग्निशन कॉइलच्या वायरींसोबत एकाच स्लीव्हमध्ये कोंबलेली, इग्निशनचा सगळा कचरा ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) मोजत होता. शिल्डेड वायर वेगळी ओढली, आता सहा हजार आरपीएमला पण २०-२१.

कार्बोरेटर ठेवला असता तर हे झालं नसतं असं म्हणशील. म्हण. तेव्हापण चुकत होतास.

खरा घोर पुढंच आहे. २०२४ पासून इंडियन ऑइलच्या काही पंपांवर इथेनॉल १०० मिळतं, आपल्या राज्यातपण, ते अर्धंअर्धं घालायचं डोक्यात आहे. (बाबांचाच ऊस टाकीत, बिल मात्र मला.) पेट्रोलला हवा १४.७ पट लागते, निव्वळ इथेनॉलला ९ पटच, तेवढं फ्युएल वाढवणं मी सेन्सरवर सोडलंय, चुकून जास्त इथेनॉल दाखवलं तर काळा धूर काढेल, प्लग खराब होतील, बास. पण टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडायची ते? टाकीत साधं ई-२० (वीस टक्केवालं) आणि सेन्सर साठ टक्के सांगतोय, ईसीयूने ॲडव्हान्स वाढवला, म्हणजे ठिणगी अजून लवकर टाकली, आणि आंबा घाटात तिसऱ्या गिअरला नॉक, म्हणजे इंधन आपोआप पेटून ठोके, सुरू झालं तर? पिस्टन आपण दोघांनी बसवलेत, रिंगा घालताना तुझं बोट चेमटलं होतं ते इंजिन आहे हे. सेन्सर ५० हर्ट्झच्या खाली किंवा १५० च्या वर गेला की ईसीयूने ई-२० च्या मॅपवर (सेटिंगवर) यायचं असं सेट केलंय, पण मधल्यामधे थाप मारली तर कोण पकडणार? मामा म्हणतात नॉक सेन्सर लाव, म्हणजे ह्याच्यावर नजर ठेवायला अजून एक.

नवीन जॉब कसाय? पोरगी चालायला लागली म्हणे, फोटो पाठव, वहिनींना नमस्कार.

टायमिंगचं टेबल मेल करतोय, वरच्या लोडच्या खान्यांत दोन डिग्री कमी करू का तीन, तेवढं रविवारच्या आत कळव. आणि येताना तीन अष्टमांश इंचाचे क्विक कनेक्टर चार आण, इथले गळतात.

तुझा,
पिंट्या