काका, बाबांचं इंजिन पळायला लागलं

प्रिय काका,

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही लगेच "चहा टाकू का" म्हणता आणि विषय तिथेच संपतो, म्हणून आता इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

बाबांचे मामा बोटीवर होते. त्यांनी 1971 साली इंग्लंडहून येताना एक ट्रेनसेट आणलेला, ट्रायँग हॉर्नबी या तिकडच्या खेळण्यातल्या गाड्यांच्या कंपनीचा, साडेसोळा मिलीमीटर गेजचे (म्हणजे दोन रुळांमधे तेवढं अंतर असलेले) रूळ आणि सहा चाकांचं छोटं टँक इंजिन, तिकडे त्याला जिंटी म्हणतात. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे होते. घर बदलताना माळ्यावर तो खोका सापडला तेव्हा बाबा सामान आवरायचं सोडून तिथेच खाली बसले, ते बघूनच मी ठरवलं की हे चालू करायचंच. आधी एका दुकानात दिलं, त्यांनी उघडून बघितलं आणि मोटर गेलीय, नवीन चायनीज मोटर टाका म्हणून परत दिलं. खरं सांगते, मी तयार झाले होते. पण बाबा म्हणाले की मग तो आवाज येणार नाही.

मग तुम्ही भेटलात. तुम्ही परळ वर्कशॉपला वाफेच्या इंजिनांवर फिटर होतात एवढंच मला माहीत होतं, खेळण्यातल्या इंजिनाला हात लावाल का याची खात्री नव्हती. तुम्ही इंजिन घेतलं, उलटं केलं, चाकं बघितली आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिलात. "मी सांगतो, तू खोल." त्यासाठीच हे पत्र आहे काका. तुम्ही स्वतः केलं असतंत तर अर्ध्या तासात झालं असतं, पण तुम्ही चार रविवार माझ्याबरोबर बसलात.

आणि पहिल्या रविवारी तर मला काही खोलूच दिलं नाहीत, फक्त बॉडी काढली. स्कूटरची बारा व्होल्टची बॅटरी, सिरीजमधे, म्हणजे त्याच वायरीत मधे, इंडिकेटरचा बल्ब, आणि दोन वायरी चाकांना. बल्ब एकदम फुल पेटला आणि मोटर जागची हलली नाही. तुम्ही म्हणालात, मोटरची तार तुटली असती तर बल्ब पेटलाच नसता किंवा मंद पेटला असता, हा शॉर्ट आहे, म्हणजे वीज मोटरच्या तारेतून न जाता मधूनच परत जातेय, आता शॉर्ट कुठे ते शोध. मी मॅग्नेट काढायला निघाले तेव्हा माझा हात धरलात. त्या जुन्या मोटरचं मॅग्नेट नुसतं उपसून बाजूला ठेवलं की त्याची ताकद कमी होते, मग मोटर करंट जास्त खेचते, तापते आणि गाडी ओढत नाही, हे मला कुठून माहीत असणार. ते तसंच ठेवून किती काम होतं ते तुम्ही दाखवलंत.

शॉर्ट सापडला तो क्षण मी विसरणार नाही. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे दोन तुकडे असतात, त्यांना ब्रश म्हणतात, ते दोन्ही दाबून धरायला हेअरपिनसारखी एकच स्प्रिंग असते, आणि तिच्या एका पायावर बारीक प्लास्टिकची स्लीव्ह असते, कारण एक ब्रश चासीला, म्हणजे इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेला आणि दुसरा वेगळा ठेवायचा असतो. ती स्लीव्हच नव्हती! कोणीतरी उघडताना निघून गेली असणार. म्हणजे स्प्रिंगमधूनच दोन्ही ब्रश एकमेकांना जोडले गेलेले, मोटरची बिचारीची काहीच चूक नाही. तुम्ही चार्जरच्या तुटक्या वायरमधून तांबं ओढून काढलंत आणि तो चार मिलीमीटरचा प्लास्टिकचा तुकडा मला चिमट्याने बसवायला लावलात. तीनदा उडाला, तीनदा शोधला.

मग कम्युटेटर, म्हणजे मोटरच्या फिरत्या दांड्यावरचा ब्रश टेकतात तो तांब्याचा भाग. त्याचे तीन तुकडे, आणि त्यांच्या मधल्या फटींमधे जुनं तेल आणि कार्बनची पूड मिळून काळी पेस्ट बसलेली, ती टूथपिकने काढली, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून कपडा काळा यायचा थांबेपर्यंत पुसलं, आणि मीटर लावल्यावर तिन्ही जोड्यांमधे रीडिंग सारखंच आलं. तुम्ही नुसती मान हलवलीत पण मला कळलं. तेल सुईच्या टोकावर येईल एवढंच, बेअरिंगजवळच्या फेल्टला, म्हणजे तेल धरून ठेवणाऱ्या मऊ कापडाच्या तुकड्याला. जास्त घातलं की ते परत कम्युटेटरवरच जातं.

चाकांना मात्र हात लावू दिला नाहीत. डाव्या आणि उजव्या बाजूच्या क्रँकमधे, म्हणजे चाकांना जोडणारे रॉड जिथे बसतात त्या खुंट्यांमधे, नव्वद अंशांचा फरक असतो, तो बिघडला की रॉड अडकतात. खऱ्या इंजिनालाही तसाच फरक असतो, नाहीतर दोन्ही पिस्टन एकाच वेळी टोकाला जाऊन इंजिन उभ्या जागी अडकेल, हे सांगताना तुम्ही जमिनीवर खडूने चाक काढलंत आणि मग तासभर वर्कशॉपच्या गोष्टी सांगितल्यात. त्या मला इंजिनाइतक्याच आवडल्या.

चौथ्या रविवारी बल्ब मंद पेटला आणि मोटर फिरली. घरी आणून रुळांवर ठेवलं, बाबांनी कंट्रोलर हळूच फिरवला, आधी थोडं अडखळलं आणि मग ती घरघर सुरू झाली. बाबा म्हणाले, "हाच." दुसरं काही बोलले नाहीत, रात्री साडेअकरापर्यंत गोल गोल फिरवत बसले होते, आईने जेवायला दोनदा हाक मारली तरी उठले नाहीत.

काका, मनापासून खूप खूप आभार. तुमचा बारीक चिमटा माझ्याकडेच राहिलाय. येत्या रविवारी काकूंना घेऊन जेवायलाच या, बाबांनी दोन डबे पण पुसून ठेवलेत, तुम्ही आल्याशिवाय ते जोडणार नाही म्हणतात.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची