नवऱ्याची करथकबाकी आणि बायकोच्या हाती आलेला पीएफ : केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय अर्थमंत्री महोदया,
सविनय नमस्कार.

माझे पती लोटे औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरी करीत आणि जोडीला मालवाहतुकीचा छोटा धंदा सांभाळीत. त्यांच्या निधनानंतर त्या धंद्याच्या जुन्या वर्षांच्या आयकर थकबाकीची नोटीस माझ्याकडे आली. थकबाकी खरी असेल तर ती त्यांच्या मालमत्तेतून फिटलीच पाहिजे. माझे गाऱ्हाणे आहे ते नोटिशीत जे सांगितलेच नव्हते त्याबद्दल.

1961 च्या आयकर कायद्याचे कलम 159 वारसाला मृत करदात्याच्या जागी उभे करते. पण मृताच्या मालमत्तेतून जेवढे फिटू शकेल तेवढ्यापुरतीच वारसाची जबाबदारी राहील, हेही तेच कलम सांगते. पीएफचे तर त्याहून स्पष्ट आहे. 1952 च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याच्या कलम 10 नुसार सभासदाच्या पश्चात नॉमिनीला मिळणारी रक्कम त्याच्या कोणत्याही कर्जातून वा देण्यातून मुक्त असते. कुटुंब निवृत्तिवेतन हे पत्नीचे स्वतःचे उत्पन्न असून त्यावरचा कर ती स्वतंत्रपणे भरते. आमच्याकडे मात्र नवऱ्याचे देणे मागे ठेवू नये ही शिकवण इतकी खोल रुजलेली आहे की, नोटीस हाती पडताच बाई पहिल्यांदा पीएफच्याच पैशाला हात घालते आणि तिला थांबवणारे कोणी नसते.

याउलट, जिथे खरोखर सावध राहायला हवे तिथेही ती अंधारातच असते. कर फिटण्याआधी पतीच्या मालमत्तेतले काही विकले, तर विकलेल्या वस्तूच्या किमतीपर्यंत वारस स्वतः जबाबदार ठरतो. घरदुरुस्तीसाठी त्यांच्या नावची चार गुंठे जागा विकणाऱ्या बाईला हे कोण सांगणार? शिवाय कोकणात सातबाऱ्यावर चुलत्यांची, पुतण्यांची नावे असतात, त्यामुळे पतीचा हिस्सा नेमका किती हे ठरेपर्यंतच वर्षे जातात. वारस दाखल्यासाठी दिवाणी न्यायालयात अर्ज, जाहीर नोटीस, हरकतींची मुदत हे सगळे चालू असताना थकबाकीवर दरमहा 1 टक्का व्याज चढतच राहते.

म्हणून माझी विनंती आहे की, वारसाला पाठवायच्या प्रत्येक नोटिशीत त्याच्या जबाबदारीची मर्यादा, पीएफला असलेले संरक्षण आणि मालमत्ता विकण्याचा धोका या तिन्ही गोष्टी मराठीत, ठळक अक्षरांत छापाव्यात. पीएफची रक्कम बचत खात्यात जमा झाली की ती इतर पैशांत मिसळून जाते. तेव्हा विधवेचे खाते गोठवण्यापूर्वी त्यातला पैसा कुठून आला याची चौकशी करणे अधिकाऱ्यांना बंधनकारक असावे. आणि मृत्यूच्या तारखेपासून वारसाची नोंदणी पूर्ण होईपर्यंतचे व्याज माफ करण्याची तरतूद आपण येत्या अर्थसंकल्पात करावी.

आपली विश्वासू,
खेड तालुक्यातील एक वारस पत्नी