खोलीबाहेरचा बाप

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या तीन पत्रांना उत्तर गेले नाही, त्याबद्दल राग मानू नकोस. मुलाच्या मानेवरची गाठ, बायोप्सी आणि हॉजकिन्स लिम्फोमाचे निदान एवढे तुला ठाऊक आहेच. पुढचे लिहायला हात धजत नव्हता. दर दोन आठवड्यांनी एक याप्रमाणे बारांपैकी सात केमो आता झाल्या आहेत. हा कर्करोग बहुतांश तरुण रुग्णांत पूर्ण बरा होतो, असे डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच सांगितले होते, आणि त्याच शब्दांवर घर उभे आहे.

खरे सांगायचे तर मला उपचारांपेक्षा बाप म्हणून माझी जागा शोधणे अधिक अवघड गेले. पहिल्या भेटीत डॉक्टर माझ्याकडे पाहून बोलू लागले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "मलाच सांगा, आजार मला झालाय." माझा क्षणभर अपमान झाला, पण तो २९ वर्षांचा आहे, सही त्याची आहे आणि शरीरही त्याचेच. केमोमुळे पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, म्हणून आधीच वीर्य गोठवून ठेवण्याचा विषय निघाला, तेव्हा त्याने आम्हा दोघांना बाहेर बसायला सांगितले. बाहेरच्या बाकावर ही मांडीवरच्या फाइलचे दुमडलेले कोपरे एकेक करून सरळ करत राहिली. आत काय चालले आहे हे दोघांनाही कळत होते. आम्ही एकमेकांशी अवाक्षर बोललो नाही.

केमोनंतर रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात, त्यामुळे ताप १००.४ अंशांवर गेला तर थेट रुग्णालय गाठायचे, आणि विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल द्यायचे नाही, कारण त्याने ताप झाकला जातो, हे मी कपाटाच्या दारावर ठळक अक्षरांत लिहून ठेवले होते. तरीही रात्री दोन वाजता थर्मामीटरने १००.८ दाखवले, तेव्हा हिच्या हातात पहिल्यांदा आली ती गोळीचीच पट्टी. इतक्या वर्षांची सवय एका कागदाने थोडीच जाते! त्याने ती पट्टी हळूच तिच्या हातातून काढून घेतली, स्वतः रुग्णालयात फोन लावला आणि चप्पल पायात सरकवली. तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू झाले.

खोकल्याच्या वेळी मात्र मी गप्प राहू शकलो नाही. केमोच्या चार औषधांपैकी ब्लिओमायसिन फुप्फुसांना इजा करू शकते, म्हणून कोरडा खोकला किंवा धाप लागली तर लगेच कळवायचे होते, आणि हा पठ्ठ्या केमो पुढे ढकलली जाईल या भीतीने उशीत तोंड खुपसून खोकत होता. भिंतीपलीकडून मला ते ऐकू येई. परस्पर डॉक्टरांना कळवावे असे हिचे म्हणणे, आणि त्यावरून आमचे चांगलेच वाजले. अखेर मी त्याला म्हणालो, "उद्या दुपारपर्यंत तू सांग, नाहीतर मी सांगेन, पण तुझ्यासमोर." दिवसभर तो माझ्याशी बोलला नाही; दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतःच सांगितले. शरीरात कर्करोग अजून कुठे सक्रिय आहे ते दाखवणारा, चौथ्या केमोनंतरचा पेट (PET) स्कॅन सुदैवाने स्वच्छ आला होता, आणि अशा रुग्णांत पुढे ब्लिओमायसिन वगळले तरी गुण जवळपास तेवढाच येतो, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले असल्याने डॉक्टरांनी ते औषध थांबवले. खोकला आता ओसरला आहे.

हल्ली त्या चारांतल्याच व्हिन्ब्लास्टिन या औषधामुळे त्याची बोटे बधिर असतात. गेल्या केमोच्या सकाळी शर्टाचे वरचे बटण त्याला लागत नव्हते. काजापर्यंत जायचे आणि निसटायचे. मी दारात उभा होतो. हात पुढे होऊ लागले, ते मी पाठीमागे बांधले. पाचव्या-सहाव्या प्रयत्नानंतर तो आरशातूनच म्हणाला, "बाबा, एवढं लावून द्या." मी बटण लावले, आणि तो फाइल स्वतःच्या काखेत मारून पुढे निघाला.

तू भेटायला येऊ का, असे विचारले आहेस. आठवी केमो मंगळवारी आहे. त्यानंतरचे दोन आठवडे नको, पेशी वर येऊ देत. मग जरूर ये, फक्त सर्दी-खोकला असेल तर लांबणीवर टाक. दिवस मात्र त्यालाच फोन करून ठरव.

तुझाच,
जुना सोबती