काल्पीच्या भाईसाहबांना

भाईसाहब, सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितेय. हिंदीत सुरुवात केली होती, पण चार ओळींतच ते बँकेला लिहिलेल्या अर्जासारखं दिसायला लागलं, म्हणून सोडून दिलं. चाकणला कंपनीत असलेला तुमचा पुतण्या आता मराठी वाचतो असं तुम्हीच सांगितलंत. त्याच्याकडून फोनवर वाचून घ्या. तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, आणि इतर वाचणाऱ्यांना त्याची गरजही नाही.

त्या दुपारी तुम्ही आम्हाला काहीच विचारलं नाहीत. रस्त्याच्या कडेला तीन बॅगा, एक ऐंशी पार केलेला म्हातारा आणि पन्नाशीची एक बाई रडवेल्या तोंडाने उभी, हे बघून कुणीही विचारलं असतं. निदान चौकशी म्हणून तरी. तुम्ही फक्त म्हणालात, "धूप में क्यों खड़े हैं, अंदर आइए." म्हणून आता सांगते आधी काय झालं होतं ते.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, प्रोस्टेटचा त्रास आहे. गोळी चालू असते, तरी तासा-दीड तासाने जावंच लागतं. काल्पी बघायला झाशीहून गाडी ठरवताना हे मी त्या एजन्सीला दोनदा सांगितलं होतं. 'सीनियर सिटिझनसाठी खास सोय' असं त्यांच्या जाहिरातीतच होतं. खास सोय म्हणजे सीटवर एक उशी होती. उरईच्या अलीकडे अण्णांनी थांबायला सांगितलं. पहिल्या पेट्रोल पंपावर स्वच्छतागृहाला कुलूप, चावी मालकाकडे, मालक गावाला. पुढच्या ढाब्यावर, आधी जेवण ऑर्डर करा. अण्णा म्हणाले, राहू दे, काल्पी आलीच. मास्तर माणूस, आयुष्यभर दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून स्वतःला दाबत आलेला. शरीर मात्र ऐकत नाही.

ड्रायव्हरला कळलं तेव्हा त्याने गाडी थांबवली ती भर बाजारात. सीट धुवायचे पैसे मागितले, ते दिले. मग तो मोठ्याने, आजूबाजूच्या दुकानदारांना ऐकू जाईल असं बोलला. काय बोलला ते लिहीत नाही, अण्णा हे वाचणार आहेत. बॅगा उतरवल्या आणि गेला. समोरच्या लॉजवाल्याने काउंटरमागूनच अण्णांच्या पँटकडे बघितलं आणि म्हणाला, रूम नाही. मागे भिंतीवर खोल्यांच्या किल्ल्या टांगलेल्या मला दिसत होत्या. एजन्सीला फोन लावला तर 'आपकी शिकायत दर्ज कर ली गई है'. अजून ती दर्जच आहे.

आणि मी? मुलगी. अण्णांना आंघोळीला पाणी काढून देते, औषध देते, पायाची नखं कापते. पण कपडे बदलायला ते मला कधीही जवळ येऊ देत नाहीत. आई गेल्यापासून तर खोलीची कडीच लावून घेतात. रस्त्यावर मी करणार काय होते? ओढणी त्यांच्यापुढे धरून उभी होते, एवढंच.

तुमच्या हातकागदाच्या कारखान्याच्या अंगणात तेव्हा सात-आठ माणसं होती. बायका बसून होजिअरीची कतरन, म्हणजे कापडाचे तुकडे, निवडत होत्या, बटणं आणि शिवणी काढून टाकत होत्या. आत कापडाचा लगदा करणारा बीटर घरघरत होता. दोन पोरं हौदातून जाळी वर उचलून लगद्याचा पातळ थर कापडावर उलटा टाकत होती. सगळ्यांनी मान वर केली. तुम्ही अण्णांचा दंड धरलात आणि त्यांना सरळ मागच्या मोरीकडे घेऊन गेलात. जाता जाता त्या सगळ्यांना, आणि मलाही, एकच वाक्य सांगितलंत: "बाबूजी हाथ-मुँह धो रहे हैं."

बस. बायकांनी माना खाली घातल्या, कतरन निवडायला लागल्या. पोरांनी पुढची जाळी उचलली.

ते खोटं होतं हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. पण तुम्ही ते अशा आवाजात म्हणालात की त्या अंगणापुरतं तेच खरं ठरलं. घरी आल्यावर मी कितीदा तरी ते वाक्य मनात म्हणून बघते. वरकरणी काहीच नाही त्यात. दया नाही, 'कोई बात नहीं' नाही, 'उम्र हो जाती है' नाही. माझे स्वतःचे भाऊसुद्धा अशा वेळी 'अहो, होतं असं या वयात' म्हणून समजूत घालतात, आणि अण्णा आणखी आक्रसतात. तुम्ही समजूत घालायला काही शिल्लकच ठेवलं नाहीत.

पुढचं मला अण्णांनी गाडीत सांगितलं, तेही अंधार झाल्यावर, खिडकीकडे तोंड करून. बादली तुम्ही स्वतः भरून आणलीत. आपला घडीचा, इस्त्री केलेला पायजमा आणलात. अण्णांचे हात थरथरतात, नाडीची गाठ त्यांना जमत नाही, ती तुम्ही खाली बसून बांधलीत. पँट तुम्ही हाताने धुतलीत. अण्णा नको नको म्हणत होते, तर तुम्ही म्हणालात की आमचं कामच जुनं कापड भिजवून धुवायचं आहे. आणि ती बाहेर अंगणातल्या दोरीवर न टाकता आत, कागद वाळत घालतात त्या खोलीत, ओल्या कागदांच्या रांगांमागे, पंख्याखाली टाकलीत. बाहेर कडक ऊन होतं, तिथे ती अर्ध्या तासात वाळली असती. पण बाहेर माणसं होती.

मी त्या खोलीत नंतर कागद बघायला आले तेव्हा मलाही ती दिसली नाही.

चहा झाल्यावर अण्णा उठायच्या बेतात होते. परत जाऊ म्हणाले, लगेच, काही बघायचं नाही. इतक्या वर्षांचं काल्पीचं वेड एका दुपारी संपलं असतं. तेव्हा तुम्ही विचारलंत, "बाबूजी, इतनी दूर से काल्पी? यहाँ तो कोई आता नहीं." अण्णांनी आधी नुसती मान हलवली. मग एक वाक्य बोलले. मग जे सुरू झाले ते थांबेनात. बीटर बंद करायला लावलात तुम्ही, त्यांचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून. कारखानदाराच्या दृष्टीने हे काय असतं ते मला कळतं.

इथल्या वाचणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण आमच्याकडेही काल्पी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे काहीच येत नाही. उत्तर प्रदेशात, जालौन जिल्ह्यात, यमुनेच्या उंच काठावर हे गाव आहे. झाशी-कानपूर रस्त्यावरून हजारो गाड्या जातात, थांबत कुणी नाही. 1729 मध्ये बाजीराव छत्रसालाच्या मदतीला धावला, त्या बदल्यात पेशव्यांना जो मुलूख मिळाला त्यात काल्पी होती. पेशव्यांचे सुभेदार गोविंदपंत बुंदेले यांचा कारभार या भागातला. किल्ल्याची आता जाड भिंतींची, घुमटाची एक इमारत तेवढी उभी आहे. मराठ्यांचा खजिना तिच्यात असायचा म्हणतात. व्यासांचा जन्म इथलाच असं गाव सांगतं. संस्कृत नाटककार भवभूतीची नाटकं ज्या कालप्रियनाथाच्या यात्रेत झाली ते स्थान म्हणजे काल्पी, असं आपले संस्कृत संशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडलं. अण्णा संस्कृतचे शिक्षक, त्यांना हे पाठ.

पण अण्णांना ओढलं होतं ते 'माझा प्रवास' लिहिणाऱ्या गोडसे भटजींनी. पेणजवळच्या वरसईचा गरीब भिक्षुक, घरावर कर्ज, दक्षिणा मिळेल म्हणून 1857 मध्ये उत्तरेकडे निघाला आणि नेमका बंडात सापडला. झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला. झाशी पडल्यावर लक्ष्मीबाई काल्पीला आल्या, तिथे रावसाहेब पेशवे आणि तात्या टोपे होते. मे महिन्याच्या त्या उन्हात इंग्रजांचे शिपाई लढाईपेक्षा उष्माघाताने जास्त कोसळत होते. 23 मे 1858 ला काल्पी पडली. या धामधुमीत काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी राणी आणि भटजी समोरासमोर आले. राणीला तहान लागलेली. भटजी पाणी काढून द्यायला पुढे झाले, तर तिने त्यांना थांबवलं: तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी नका काढू, मीच काढते.

हे सांगताना अण्णांचा आवाज वर्गातला झाला होता. तुमचा पायजमा घातलेला, नाडी तुम्ही बांधलेली, आणि हात वर करून ते राणीची दोरी ओढत होते. कतरन निवडणाऱ्या बायका काम सोडून ऐकत होत्या. मराठी मिसळलेली ती हिंदी त्यांना किती कळली कोण जाणे. एक आजी म्हणाल्या, "हमारी रानी की बात कर रहे हैं." माझ्या मनात आलं, बघा, आम्ही आमची म्हणतो, त्या त्यांची.

नंतर तुम्ही आम्हाला यमुनेवर नेलंत, लंका मीनार दाखवलात. रामलीलेत रावणाचं काम करणाऱ्या मथुराप्रसादांनी चक्क रावणाच्या नावाने बांधलेला. भाऊ-बहिणीने तो बरोबर चढायचा नाही, वर जाईपर्यंत सात फेरे होतात, असं सांगून तुम्ही हसलात. "बाप-बेटी के लिए कोई मनाई नहीं." अण्णा चढले नाहीत, पण पहिल्या पायरीवर बसून फोटो काढून घेतला. उरईहून रात्रीची गाडी तुम्ही कशी मिळवून दिलीत ते तुमचं तुम्हाला माहीत. पैसे काढले तर तुम्ही हात मागे घेतलात आणि वर कागदांचा गठ्ठा बॅगेत घातलात.

आता जे लिहितेय ते आमच्या लोकांसाठी आहे, तुमच्या पुतण्याने हवं तर गाळावं. निघताना मला काय काय सांगितलं होतं! तिकडे जपून. कुणावर विश्वास ठेवू नका. यूपी आहे ते. सांगणाऱ्यांपैकी एकानेही कानपूरच्या आसपास पाय ठेवलेला नाही. आणि तुम्ही चहा ओतता ओतता, तक्रारीचा सूर अजिबात न लावता सांगितलंत की पुतण्याला चाकणला खोली मिळेना. भाडं द्यायला तयार, कंपनीचं ओळखपत्र आहे, पण गाव विचारलं की घरमालकाचा चेहरा बदलतो. मग तुम्हीच आमच्या बाजूने बोललात, "उनकी भी कोई मजबूरी रही होगी." नाही हो भाईसाहब. कसलीही मजबुरी नव्हती. मी त्याच भागात राहते, मला ते घरमालक ठाऊक आहेत. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'भाडेकरू कुठले चालतील' यावर तासभर चर्चा होते, आणि पार्किंगपेक्षा जास्त एकमत त्याच विषयावर असतं. पुढच्या मीटिंगमध्ये मी तुमच्या मोरीतल्या बादलीबद्दल बोलणार आहे. अण्णांची परवानगी घेतली आहे. ते म्हणाले, "सांग. मला आता लाज नाही."

हे वाक्य त्यांच्या तोंडून येईल असं मला वाटलं नव्हतं. आल्यापासून ते डायपर वापरायला तयार झालेत, जो विषय काढला तरी पूर्वी ताटावरून उठायचे. डॉक्टरांना मी कारण सांगितलं नाही, त्यांना वाटलं आपलंच समुपदेशन लागू पडलं. असो, त्यांनाही थोडं समाधान.

माणुसकी वगैरे शब्द मोठे आहेत, भाषणात फार झिजलेत. मला एवढंच कळतं की सभ्य माणूस तुमची अडचण बघतो आणि ती बघितल्याचं तुम्हाला जाणवू देत नाही. त्या लॉजवाल्यानेही बघितलं होतंच की. कॉलेजमध्ये शिकून हे येत असतं तर आमच्या पुण्यात दर दारामागे एक असा माणूस निघाला असता.

तुमच्या कागदाबद्दल. गठ्ठ्यातले चाळीस-एक ताव अण्णांनी मोजून, वर तारीख घालून कपाटात ठेवलेत. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, 1940 पासूनची. तिथे ते एक ताव घेऊन गेले आणि तिथल्या लोकांना हा पोत बघा, काल्पीचा आहे, असं ऐकवून आले. जुन्या पुण्यात कागदीपुरा आहे, तिथे पूर्वी कागद करणारे राहायचे. तुम्ही आलात की तो दाखवायचा, हेही त्यांच्या वहीत लिहून ठेवलंय. पुतण्याने रविवारी जेवायला यावं. खोलीचं बघतेय मी. आमच्याच इमारतीत एक रिकामी होतेय आणि मालकीणबाई माझं ऐकतात.

पायजमा परत पाठवत नाही. अण्णा देत नाहीत.

आणि तुमच्या त्या प्रश्नाचं राहिलंच. स्टेशनवर गाडी हलली तेव्हा तुम्ही खिडकीशी चालत विचारलं होतंत, "बाबूजी, वो पंडितजी फिर घर पहुँचे कि नहीं?" अण्णांनी उत्तर दिलं, पण गाडीच्या आवाजात तुम्हाला ऐकू गेलं नाही. तर ऐका. पोहोचले. वाटेत लुटले गेले, कमावलेला पैसा बहुतेक गेला, घरच्यांनी आशा सोडली होती. पण गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावरून थेट कोकणात आणली त्यांनी, आणि त्या पाण्याने आई-वडिलांना आंघोळ घातली.

तुमची,
अण्णांची मुलगी