आप्पा, ते पान अजून टाकीशेजारीच आहे

तीर्थस्वरूप आप्पा यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही पुण्याला मुलीकडे राहायला गेलात त्याला आता चार महिने होतील. निघायच्या दिवशी जिन्यात मी आभार मानायला तोंड उघडलं, तर तुम्ही "वरचा दिवा बदलून घे, पाय घसरेल कुणाचा" म्हणत बॅग उचललीत. फोनवरही तेच होतं, मी त्या विषयावर आले की तुम्ही टाकीचं तापमान विचारता. म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहिते आहे. ज्यांच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे आणि ज्यांचा एखादा मासा गेला आहे, त्यांनीही ते वाचावं असं मला वाटतं.

बाकीच्यांसाठी थोडं आधीपासून सांगते. मी बडोद्याची, कारेलीबागेत दुसऱ्या मजल्यावर राहते, आणि तुम्ही त्याच इमारतीत तळमजल्यावर होतात. समुद्र पहिल्यांदा नीट पाहिला तो जामनगरजवळ नराऱ्याला. ओहोटी लागली की तिथे खडकांमधून पायी चालत जाता येतं, आणि घोटाभर पाण्यात अ‍ॅनिमोनी, म्हणजे फुलासारखे दिसणारे समुद्री जीव, उघडलेल्या दिसतात. तो दिवस डोक्यातून गेलाच नाही. घरी दोनशे लिटरची टाकी उभी केली, खडक रचला, एक अ‍ॅनिमोनी आणली आणि 2013 मध्ये क्लाउनफिश या अ‍ॅनिमोनीत राहणाऱ्या लहान माशांची जोडी आणली, समुद्रातून पकडलेली नाही, टाकीतच पैदास झालेली. दगडी प्रवाळ मी कधी ठेवले नाहीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहेत, आणि कायदा नसता तरी नराऱ्याला पाहिलेलं तिथेच राहावं असं मला वाटलं असतं.

जोडीतली मोठी ती आक्का, लहान तो भाऊ. क्लाउनफिशमध्ये मादी मोठी असते आणि राज्य तिचं असतं. आक्का माझ्या हाताला चावायची. काच पुसायला हात घातला की अ‍ॅनिमोनीतून सरळ बोटावर यायची, जेमतेम चार इंचांचा जीव. संध्याकाळी मी शाळेतून आले की काचेच्या डाव्या कोपऱ्यात उभी असायची. दर दोन आठवड्यांनी त्या तिरक्या ठेवलेल्या टाइलवर केशरी अंडी घालायची आणि पुढचे सात-आठ दिवस भाऊ पंखांनी त्यांना वारा घालायचा. अकरा वर्षं हे चाललं. हे मासे टाकीत वीस वर्षांहून जास्त जगतात, त्यामुळे ती म्हातारी झाली होती असंही मला स्वतःला सांगता येत नाही.

26 ऑगस्ट 2024, जन्माष्टमी. आजवा धरणाचं पाणी आणि वरून पाऊस, विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली. रात्री तुमच्या तळमजल्यात पाणी शिरलं तेव्हा तुम्ही, सुट्टीला आलेली तुमची मुलगी आणि चार वर्षांची नात असे तिघे वर माझ्याकडे आलात. तुमच्या हातात एक पिशवी होती आणि खांद्यावर नात. कपाट, पलंग, काकूंचं शिलाई मशीन सगळं खाली. सकाळी गॅलरीतून पाहिलं तर तुमच्या खिडकीचा फक्त वरचा गज दिसत होता. वीज तर रात्रीच गेली होती.

माझा इन्व्हर्टर पाच तास चालला. बॅटरी जुनी झाली होती, बदलायची म्हणून दोन उन्हाळे मी पुढे ढकलत होते. मग सेलवर चालणारा हवेचा पंप लावला. तो बुधवारी दुपारपर्यंत टिकला. सेल संपले आणि सेल आणायला दुकान नव्हतं, रस्ताच नव्हता.

रीफ टाकीत, म्हणजे खडक आणि अ‍ॅनिमोनी असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, वीज जाणं म्हणजे काय हे बाहेरच्याला पटकन कळत नाही. खाऱ्या पाण्यात मुळातच गोड्या पाण्यापेक्षा साधारण पाचव्या हिश्श्याने ऑक्सिजन कमी मावतो. पाणी कोमट झालं की आणखी कमी. पाणी हलवणारे पंप बंद पडले की तो भरून निघत नाही, आणि खडकात, वाळूत राहणारे कोट्यवधी जिवाणू उरलेला वापरत राहतात. माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया एरवी तेच संपवतात, त्यांचंही बिघडलं की तो वाढतो. मला हे सगळं ठाऊक होतं, तरी बुधवारी संध्याकाळी मी टाकीसमोर नुसती बसले होते.

तुम्ही विचारलंत, "हवा पाण्यात कशी जाते?" मी म्हटलं, पाण्याचा पृष्ठभाग हलला की. "मग उचलायचं आणि ओतायचं," म्हणालात, आणि देवघरातला तांब्या घेऊन आलात. मी ओरडले. आप्पा, इतक्या मोठ्याने मी तुमच्यावर कधी ओरडले नव्हते, आणि तेही ज्याचं घर पाण्यात आहे त्या माणसावर. तुम्ही तांब्याकडे पाहिलंत आणि "तांबं. बरोबर," एवढंच म्हणालात. विद्यापीठाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागलं नाही. तांब्याचा अंश अ‍ॅनिमोनीला आणि गोगलगायींना मारतो, म्हणून माशांच्या औषधातलं तांबंसुद्धा रीफ टाकीत घालत नाहीत. तुम्ही तांब्या जागेवर ठेवलात, स्वयंपाकघरातून प्लॅस्टिकचा जग आणलात, तीनदा विसळलात, आणि सुरू केलंत. एक फूट वरून, बारीक धारेने. पन्नास जग, दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा पन्नास.

रात्रभर आपण पाळ्या केल्या. तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुलैचं पान फाडलंत, मागच्या कोऱ्या बाजूला रेघा मारल्यात आणि वेळा लिहायला लागलात. 10.20, तापमान 28. 11.30, अमोनिया, पिवळा. 12.45, पिवळा, किंचित हिरवट. मेणबत्तीच्या उजेडात परीक्षानळी पांढऱ्या कागदासमोर धरून तुम्ही रंग वाचत होतात. पिवळा हवा असतो आणि तो हिरव्याकडे जात होता. तुम्ही मला समजावून सांगितलंत की पाण्याचा पीएच जितका वर, तितका तोच अमोनिया जास्त विषारी, आणि समुद्राच्या पाण्याचा तो वरच असतो. घाबरवायला नाही सांगितलंत. काय चाललंय हे माणसाला कळावं म्हणून सांगितलंत.

आता तो भाग, ज्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

माझ्याकडे मीठ घालून तयार केलेलं वीस लिटर पाणी होतं, ते रात्री एकच्या सुमारास बदललं. त्याशिवाय आरओच्या पाण्याचे वीस-वीस लिटरचे तीन कॅन भरून ठेवलेले असायचे, खारं पाणी करायला. ते मंगळवारीच संपले होते. नळाला पाणी नव्हतं, इमारतीत लहान मुलं होती, म्हणून मी ते कॅन जिन्यात ठेवून दिले. त्यात मोठेपणा काही नव्हता, कुणीही तेच केलं असतं. पण बुधवारी रात्री तीन वाजता, नळी हिरवी दिसायला लागली तेव्हा मी मनात ते कॅन मोजले. साठ लिटर. टाकीच्या पाण्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा. आणि मला वाटलं, नसते दिले तर.

हा विचार मी तुम्हाला बोलून दाखवला. का, ते मला अजून माहीत नाही. तुमची नात पलीकडे सतरंजीवर झोपली होती, आणि तिने ते पाणी प्यायलं होतं हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. तुम्ही जग खाली ठेवला नाहीत. ओतता ओतताच म्हणालात, "हो. तिने ते प्यायलं. आणि तुझ्या माशाला ते हवं होतं. दोन्ही खरं आहे." मग थोड्या वेळाने, "मी कागदपत्रांची पेटी खालच्या फळीवर ठेवली होती. वरची फळी रिकामी होती." पुन्हा जग भरलात.

आप्पा, त्यानंतर मला भेटलेल्या माणसांनी खूप काही सांगितलं. "पुरात माणसांची घरं गेली, तू माशाचं काय घेऊन बसलीस." "दुसरा आण, बाजारात मिळतात." जी माणसं प्रेमाने बोलली तीही म्हणाली की तुझी काही चूक नाही. बॅटरी जुनी होती, चूक माझी होतीच, आणि ती नाही म्हणणाऱ्याशी पुढे बोलता येत नव्हतं. ज्याचं स्वतःचं घर खाली बुडालेलं होतं त्या एका माणसाने माझं दुःख कशाच्याही शेजारी ठेवून मापलं नाही. जे ऐकून दुसरा कुणीही उठून गेला असता ते ऐकूनही तुम्ही माझ्या टाकीपाशी बसून राहिलात.

पहाटे ती गेली. ऑक्सिजन कमी पडतो तेव्हा मोठा मासा आधी कोसळतो, लहानाचं थोडक्यात भागतं. आक्का तासभर पृष्ठभागाशी तोंड उघडं ठेवून होती, मग टाइलच्या बाजूला गेली आणि आडवी झाली. तुम्ही पानावर लिहिलंत: "5.20. आक्का गेली. भाऊ ठीक." मला तेव्हा त्या शेवटच्या दोन शब्दांचा राग आला होता.

तुम्ही म्हणालात, पाणी उतरलं की तिला कावी-कंबोईला समुद्रात सोडून येऊ. मी म्हटलं, टाकीतलं काही समुद्रात सोडायचं नसतं, रोग जातात. तुम्ही लगेच मान हलवलीत. मग गच्चीवरच्या त्या रिकाम्या कुंडीत, तुमचा कढीपत्ता ज्यात लावायचा होता त्यात, आपण तिला पुरलं. तुमच्या नातीने वर एक शंख ठेवला. वीज शुक्रवारी आली.

पुढच्या दिवसांत तुम्ही दिवसभर खाली गाळ उपसत होतात. काकूंचं मशीन तुम्ही रॉकेल लावून पुसत बसायचात, ते मी पाहिलंय. आणि रोज संध्याकाळी, चिखलाचे पाय खालीच धुऊन, वर येऊन दारातूनच विचारायचात, "भाऊंनी खाल्लं का?" तो अ‍ॅनिमोनीच्या तळाशी शिरून बसला होता, आर्टेमिया, म्हणजे बारीक कोळंबीसारखं त्याचं खाणं, नाकासमोरून गेला तरी हलत नव्हता. मला टाकी मोडायची होती. गिऱ्हाईकही बघितलं होतं. पण तुम्ही रोज विचारणार म्हणून मला रोज घालून पाहावं लागलं, आणि मेलेल्या दोन गोगलगायी शोधून काढाव्या लागल्या, आणि पाणी बदलावं लागलं. मंगळवारी त्याने एक कण खाल्ला. मी जिन्यातूनच हाक मारली. शनिवारी, 7 सप्टेंबरला, तुमचा गणपती माझ्या घरी बसला, कारण तुमच्या भिंती ओल्या होत्या. टाकीच्या बाजूच्या टेबलावर.

नोव्हेंबरात नवा पिल्लू मासा आणायचा की नाही यावर मी महिनाभर घोळ घातला. तिच्या जागी दुसरं कुणी, हे मला सहन होत नव्हतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "भाऊ एकटा आहे की नाही?" आणि मग त्या पिल्लाला आधी महिनाभर वेगळं ठेवायला तुमच्या नव्याने रंगवलेल्या ओट्यावर जागा दिलीत. रोज दोनदा नोंद. दुसरं पान.

क्लाउनफिश सगळे नर म्हणूनच जन्मतात, हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं होतं. मादी गेली की उरलेला नर वाढतो आणि मादी होतो. तुम्ही बराच वेळ काचेकडे बघत होतात, मग म्हणालात, "म्हणजे भाऊंनाच आता आक्का म्हणायचं." मी तसं म्हणू शकत नाही अजून. नाव भाऊच ठेवलंय. पण तो, म्हणजे ती, आता आक्काएवढी झाली आहे, आणि परवा काच पुसताना माझ्या बोटाला चावली.

इन्व्हर्टर नवा आहे, पाणी हलवणाऱ्या पंपाला वेगळी बॅटरी आहे, सेलचं खोकं कपाटात आहे, आणि प्लॅस्टिकचा तो जग टाकीखाली, दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही अशी चिठ्ठी लावून.

मंगळवारी सकाळी त्या तिरक्या टाइलवर अंडी दिसली. थोडीच आहेत, शे-दीडशे असतील, पहिल्या खेपेला अशीच असतात. पिल्लू त्यांना वारा घालतंय, चुकतमाकत. आठवड्याभरात रात्री दिवा मालवल्यावर फुटतील. ही खेप तुम्हाला दिसणार नाही, पण दिवाळीला याल तेव्हा पुढची टाइलवर असेल. जुलैच्या त्या पानावर तुमच्या 5.20 च्या खाली जागा आहे. मी तिथे काही लिहिलेलं नाही. नोंद तुमच्या हातची हवी आहे. पेन्सिल टोक करून ठेवली आहे.

काकूंच्या फोटोला नमस्कार. नातीला पापा, तिचा शंख कुंडीत आहे तिथेच आहे, आणि कढीपत्ता लावलाय मी त्यात.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची