सुंतेनंतरची काळजी मराठी-कोंकणीत लिहून द्या

महोदय,

फोंड्यात माझी फार्मसी आहे. मधुमेहामुळे पुढची कातडी आवळली म्हणून सुंता करून घेतलेले चाळिशी-पन्नाशीचे पुरुष दुकानात दुसरं गिऱ्हाईक नसेल तेव्हाच येतात आणि खालच्या आवाजात ‘जखमेला लावायला काहीतरी द्या’ म्हणतात. हातातल्या डिस्चार्जच्या कागदावर इंग्रजीत नुसती गोळ्यांची नावं. कुणी हळद दाबलेली असते, कुणाची वाळलेली पट्टी जखमेला चिकटलेली. ती ओढून काढू नये, कोमट पाण्याने भिजवून सोडवावी. थोडी सूज, पिवळसर थर, पहाटेच्या ताठरतेने टाके ताणणं हे सुरुवातीला होतंच. विरघळणारे टाके बहुधा २-३ आठवड्यांत जातात. पण रक्त थांबत नसेल, पू किंवा ताप आला, लघवी अडली, तर रात्रीसुद्धा इस्पितळ गाठावं. रक्तातली साखर चढलेली असली की जखम रेंगाळते. शरीरसंबंध निदान ६ आठवडे नको, हे बायकोलाही सांगायला हवं. त्यात लाज कसली?

एवढं एका पानावर मराठी-कोंकणीत छापून प्रत्येक रुग्णाच्या हाती द्यावं, अशी आरोग्य खात्याला कळकळीची विनंती.

– एक फार्मासिस्ट, फोंडा