कर्नलने नावं नको, नाती सांगावीत

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात मोबाइलच्या जाहिराती येतात, त्यात 'आठ कोअर' (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा एकेक भाग) मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, पण बहुतेक फोनमध्ये ते आठ सारखे नसतात, काही दमदार असतात आणि काही बॅटरी वाचवणारे. सर्व्हरवर हाच घोळ फार मोठा होतो, आणि खालच्या हार्डवेअरची रचना वरच्या प्रोग्रामला किती आणि कशी सांगायची हे ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलला, म्हणजे हार्डवेअर सांभाळणाऱ्या तिच्या गाभ्याला, ठरवावं लागतं.

मी पुण्यात डेटाबेसवर काम करतो. आमच्या कोडमध्ये एक गृहीत धरलेलं होतं, की एका सॉकेटमधले (म्हणजे मशिनमध्ये बसवलेल्या एका प्रोसेसरमधले) सगळे कोअर एकमेकांचे शेजारी, म्हणजे एकाच डेटावर काम करणारे थ्रेड (प्रोग्रामची एकाच वेळी चालणारी कामं) एका सॉकेटवर बसवले की झालं. मग एएमडीचा 2019 च्या पिढीतला 64 कोअरचा एपिक हा सर्व्हर प्रोसेसर आला. लिनक्सला विचारलं तर आमच्या मशिनवर सॉकेट एक, नुमा नोड (एकाच मेमरीजवळच्या कोअरचा गट) एक, सगळं छान, पण आतला 256 एमबीचा एल थ्री कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) 16 तुकड्यांत वाटलेला, एकेक तुकडा फक्त चार कोअरचा! आमचे थ्रेड त्या तुकड्यांवर विखुरलेले आणि डेटा इकडून तिकडे फिरतोय, आणि आम्ही दोन आठवडे आमच्या लॉकमध्येच (एका वेळी एकाच थ्रेडला डेटा बदलू देणाऱ्या कोडमध्येच) चूक शोधत बसलो. उत्तर कर्नलने आधीच दिलेलं होतं. प्रत्येक कॅशसाठी शेअर्ड सीपीयू लिस्ट नावाची एक फाइल असते, तो कॅश कोणकोण वापरतं ते त्यात सरळ लिहिलेलं असतं, आम्हीच ती वाचली नव्हती. 2021 च्या पिढीत एका तुकड्यावर आठ कोअर आले, तेव्हा ती फाइल वाचणारा नवा कोड एक ओळही न बदलता चालला.

म्हणून मला मनापासून वाटतं की कोण काय वाटून घेतंय आणि कुठली मेमरी किती लांब आहे, हेच कर्नलने सांगावं, थरांची नावं वाढवत बसू नये. लिनक्समध्ये आधी पॅकेज (अख्खा प्रोसेसर) होतं, मग डाय (त्यातला सिलिकॉनचा एक तुकडा) आलं, मग क्लस्टर आलं, आयबीएमच्या मेनफ्रेमसाठी तर बुक आणि ड्रॉवरसुद्धा आहेत. आता क्लस्टर म्हणजे नक्की काय? कुठे चार कोअर मिळून एक एल टू कॅश वापरतात, कुठे फक्त एल थ्रीचे टॅग (कॅशमध्ये काय आहे त्याच्या नोंदी), आणि कर्नलचं स्वतःचं डॉक्युमेंटेशनच म्हणतं की क्लस्टरचा नंबर आर्किटेक्चर आणि प्लॅटफॉर्मप्रमाणे बदलतो, मग प्रोग्रामरने त्या नंबराचं करायचं काय. आणि एकदा बाहेर दिलेली फाइल परत घेता येत नाही, कुठल्या तरी कंपनीची स्क्रिप्ट ती वाचत असतेच. एका कोअरमधले सीपीयू सांगणाऱ्या थ्रेड सिब्लिंग्ज या फाइलला कोअर सीपीयूज असं नीट नाव मिळालं तरी जुनी फाइल ठेवावीच लागली.

काहीजण म्हणतात काहीच सांगू नका, प्रोग्रामने काम किती घाईचं आहे एवढंच बोलावं. ॲपल मॅकवर जवळपास असंच करतं, आणि लॅपटॉप-फोनसाठी मला ते पटतं. पण आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेत हवामानाचं मॉडेल हजारो कोअरवर चालतं, तिथे कुठली प्रोसेस कुठल्या मेमरीजवळ बसवायची हे मॉडेल चालवणाऱ्यालाच बघावं लागतं, त्याच्यापासून ही माहिती लपवली तर तो ठरवणार कशावरून?

आपला एक वाचक,
कोथरूड, पुणे